हरतालिकेच्या दिवशीचा फोटो

लातूरच्या एका दवाखान्यात खडखडत पडलेली जुनी एमआरआय मशीन म्हणजे मी, मित्रांनो. माझ्या पोटात माणसाला निजवतात आणि मी त्याच्या डोक्याच्या आतले फोटो काढते. आवाज माझा असा, की मोठी माणसंही देवाचं नाव घेतात. वाईट वाटतं हो, पण करणार काय?

वय वाढताना मेंदू कसा बदलतो, हे इथल्या डॉक्टर भार्गवी मॅडमना शोधायचं होतं. त्यासाठी त्या तीच माणसं दरवर्षी माझ्याकडेच आणायच्या. तुलना शेजारणीशी नाही, ज्याची त्याच्याच जुन्या फोटोशी. चंद्रप्रभाबाई त्यांतल्याच एक. त्यांची लेक दीपाली क्लासमध्ये शिकवते, म्हणून नात उर्वीला शाळेतून बोट धरून आणायचं काम आजीचं. पहिली दोन वर्षं बाईंचे फोटो अगदी सारखे निघाले. मॅडमनी माझं कौतुक केलं आणि मी फुगून गेले.

तिसऱ्या वर्षी बाई आल्या त्या सुकलेल्या ओठांनी. मंगळसूत्र काढायला सांगितलं तेव्हा त्यांचा जीव वरखाली झाला. "आजच काढायला लावता का माय?" म्हणत त्यांनी ते दीपालीच्या मुठीत ठेवलं. आजच म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. अंगावर अजून काही धातू आहे का, एवढंच विचारलं.

फोटोत मेंदू आकसलेला दिसला. मी होतं तेच दाखवलं होतं. पण दीपालीनं हाय खाल्ली. आई भाजीत मीठ विसरते, चष्मा शोधत बसते, सगळं तिला एकदम आठवायला लागलं. तिनं उर्वीला आणायला रिक्षा लावली.

मॅडमना मात्र एका वर्षात एवढी घट पटेना. त्यांनी बाईंना लेकी-नातीसकट परत बोलावलं. "काकू, त्या दिवशी पाणी कमी प्यायला होतात का?"

"कमी? हरतालिका होती की! थेंब न्हाई घेतला. लगीन झाल्यापासून माझी निर्जळीच हाय."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूही थोडा आकसतो. मी आधीच विचारायला पाहिजे होतं."

बाईंना पोटभर पाणी पाजून मी पुन्हा फोटो काढला. जवळजवळ पहिल्यासारखाच! बाहेर दीपालीला रडू आवरेना. "आई, उद्यापासून तूच आण गं हिला." उर्वीनं लगेच हात पुढे केला.

बाईंनी तो धरला नाही. "तूच धर माय. रस्त्यात लई गाड्या असतात. मीठ मी खरंच इसरते. आता मला माझाच भरोसा वाटंना."

दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं. एवढा मोठा माझा आवाज, पण तेव्हा काय उपयोगाचा? फोटो मी दुसरा काढून दिला, मित्रांनो, पण बाईंच्या मनात बसलेली भीती मला काढता येईना. माझ्यावर विश्वास ठेवा, नको म्हणत नाही. फक्त माझा फोटो दाखवून कुणाला घाबरवण्याआधी त्या माणसाला जवळ बसवून विचारा, आज पाणी प्यालात का?