जाहिरातीनंतरचा भाग

कथेकरी हे नाव त्याला बेकरीत पडलं. तसा तो भट्टीवरचा माणूस. उभा जन्म पाव भाजण्यात गेला, आणि तोही रात्रपाळीत. पण पीठ फुगायला ठेवलं की मधे जो रिकामा वेळ मिळे, त्यात तो टेबलाला टेकून टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट अशी रंगवून सांगायचा, की पीठ मळणाऱ्यापासून पाव बांधणाऱ्यापर्यंत सगळे तोंडाकडे बघत राहायचे. काम सुटून बरीच वर्षं लोटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जुने सोबती त्याला कथेकरी म्हणूनच हाक मारत. हाक मारायला आता फारसं कुणी उरलं नव्हतं, हा भाग वेगळा.

बायको गेल्यापासून घर त्याच्या अंगावर यायला लागलं होतं. लेक दुसऱ्या गावी, एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर. रोज संध्याकाळी पाळीवर जाताना ती बसमधून फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, गुडघा कसा आहे, एवढं होईस्तोवर तिचा थांबा यायचा आणि ती "ठेवते हं" म्हणायची. गेल्या खेपेला आली तेव्हा तिने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि रिमोट बापाच्या हातात ठेवला. "तुमची चौकी आलीय यावर, बाबा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकेक भाग बघा रोज. आणि बघून झाला की मला सांगा."

'चौकीत कोण आहे?' ही ती मालिका. एके काळी ती लागली की रस्ते ओस पडायचे. एक पोलीस चौकी, तिथे एक ढेरपोट्या साहेब. चोराला भीत नाही, पण मांजर दिसलं की खुर्चीवर चढतो. एक काडीपैलवान हवालदार, जो कायम रात्रपाळीला. आणि एक भुरटा चोर, जो दर भागात पकडला जातो आणि कोठडीतल्या उशीबद्दल तक्रार करतो. चौकीतले सगळे त्याला पाहुणा म्हणतात. बाकी खून नाही, मारामारी नाही. असलीच तर टोपी हरवलेली असायची.

ही मालिका कथेकऱ्याने एकही भाग न चुकवता पाहिली होती. म्हणजे जवळजवळ पाहिली होती. दुसऱ्यांदा जाहिराती लागल्या की त्याला उठावंच लागे. बस चुकली तर भट्टी पेटायला उशीर आणि मालकाची बोलणी. तो चपला घालायला लागला की बायको म्हणायची, "जा तुम्ही, मी सांगते सकाळी." आणि सकाळी तो गरम पाव घेऊन घरी आला की चहा ओतता ओतता ती शेवट सांगायची. तो शेवट रात्री भट्टीपाशी जायचा आणि तिथे दुप्पट हशा मिळवायचा. एकदा दिवसपाळीचा एक पॅकिंगवाला थांबला होता, तो मधेच म्हणाला की शेवट असा नव्हताच. रात्रपाळीत कुणीच शेवट पाहिलेला नसल्यामुळे सगळ्यांनी मिळून त्यालाच वेड्यात काढलं.

तर कथेकरी रोज संध्याकाळी एक भाग लावू लागला. सुरुवातीचे काही दिवस मजेत गेले; त्या भागांचे शेवट त्याला धड आठवतही नव्हते. हवालदाराने फोन उचलून "चौकीत कोण आहे?" असं उलट विचारलं की त्याला आजही हसू फुटायचं. हसून झाल्यावर मात्र त्याची मान सवयीने बाजूच्या खुर्चीकडे वळायची, आणि मग पुढचे दोन-तीन विनोद वाया जायचे.

मग टोपीचा भाग आला. साहेबांची टोपी हरवते आणि त्याच दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार असतात. शेवट कथेकऱ्याला तोंडपाठ होता. चौकीतली मांजर त्या टोपीत व्यालेली असते. साहेब लांबूनच पिल्लं मोजतात आणि म्हणतात, टोपी नाही म्हणजे ड्यूटी नाही, चला सगळे घरी. हा शेवट सांगितला तेव्हा बेकरीतला एक जण हसता हसता पिठाच्या पोत्यावर बसला होता. पण टीव्हीवर टोपी निघाली साहेबांच्याच खणात. मोठ्या साहेबांनी खण उघडला, सगळे हसले, खाली नावं सरकू लागली. मांजर त्या भागात नव्हतीच.

कथेकऱ्याने भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. टोपी पुन्हा खणातच.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याच्या वाढदिवसाचा भाग. त्याच्या आठवणीत हवालदार पाहुण्याला बेड्या घालून आपल्या घरी जेवायला नेतो, कारण घरी बायको ताट वाढून बसलेली असते. इथे पाहुणा केक घेऊन पळाला आणि दारात घसरून केकवरच पडला. त्यानंतरच्या भागात एक म्हातारी चौकीत सारखा फोन करत असते. कथेकऱ्याच्या डोक्यात ती हवालदाराची आई होती आणि पोरा, आता घरी ये, एवढंच तिला सांगायचं होतं. टीव्हीवरच्या म्हातारीला लाँड्रीचा नंबर हवा होता.

 त्याच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी गोष्टी बदलल्या, मग माणसं, आणि शेवटी दादा स्वतःच्याच घराच्या दारात उभा राहून इथे कोण राहतं म्हणून विचारायचा. तेव्हा निदान वहिनी होती त्याला आत घ्यायला. आपण दारात उभे राहिलो तर आतून उत्तर कोण देणार, या विचाराने कथेकऱ्याचं जेवण गेलं. लेकीला तो काही बोलला नाही. "चाललंय छान," एवढंच म्हणाला.

दोन दिवस असे काढल्यावर त्याने बंब्याला फोन लावला. बंब्या म्हणजे पीठ मळणारा, देहावरून नाव पडलेला. आता मुलाकडे असतो आणि एका कानाने कमी ऐकतो. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर कथेकऱ्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की चौकीतल्या साहेबाची टोपी शेवटी कुठे सापडली होती रे? बंब्या फोनवरच खिदळायला लागला. मांजर व्याली होती की टोपीत, म्हणाला, आणि चला सगळे घरी! त्याला म्हातारीही आठवत होती, बेड्या घालून जेवणारा पाहुणाही. तूच तर सांगितलंस सगळं, विसरलास की काय, असं म्हणून त्याने वर टोमणाही मारला.

कथेकऱ्याचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं. पण फोन ठेवून तो पाण्याचा पेला घ्यायला उठला आणि अर्ध्या वाटेत थांबला. डोकं शाबूत असेल, तर मग बायकोने इतकी वर्षं आपल्याला चक्क शेंडी लावली. एकदा नाही, दर आठवड्याला. जी कधी दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, ती समोर बसून, चहात साखर ढवळत, डोळ्यांत बघून थापा मारत होती. कशासाठी? दुसरं काही बघत होती? कुणी येत होतं? असला विचार मनात आला म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली, पण आला तर खरा. विचारणार तरी कुणाला? भिंतीवरच्या तसबिरीतून ती नेहमीसारखी तोंड दाबून हसत होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्याने गोळ्यांचा विषय येऊच दिला नाही. शेवट वेगळे निघालेत, म्हणाला, सगळेच्या सगळे. तुझी आई मला काहीतरीच सांगत होती.

लेक हसली. "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मला वाटायचं तुमचा दोघांचा तो खेळ आहे."

मग तिने सांगितलं. ती तेव्हा आतल्या खोलीत निजलेली असायची, पण जागी. बाबांनी बाहेरून दार ओढून घेतलं, की लगेच टीव्ही बंद झाल्याचा खट्ट आवाज यायचा. दर वेळी. कितीतरी दिवस तिचा असा समज होता की बाबा कामावर गेले की मालिका संपतेच. शाळेत मैत्रिणी पुढचं बोलायला लागल्या तेव्हा कुठे तिला कळलं. सकाळी वेणी घालताना आई विचारायची, आज टोपीचं काय करू या? टोपीतली मांजर लेकीने सुचवलेली. बाकी सगळं आईचं.

"पण बंद का करायची?" कथेकऱ्याने विचारलं.

"मीही विचारलं होतं एकदा. म्हणाली, एकटीने हसलं की घर जास्तच रिकामं वाटतं." मग थांबा आला आणि लेक ठेवते म्हणाली.

 कथेकऱ्याला आजवर वाटत आलं होतं की एकटेपणाचा मक्ता आपल्याकडे होता. रात्रभर भट्टीसमोर उभं राहायचं, सगळं गाव झोपलेलं असताना घामाने निथळायचं, आणि याचं त्याने घरात थोडं भांडवलही केलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला रात्रपाळी आवडायची. मालक डोक्यावर नाही, सोबती जिवाभावाचे, आणि मधे गोष्ट सांगायची वेळ झाली की सगळे आपल्याभोवती. मुकादमाने दोनदा दिवसपाळी देऊ केली, दोन्ही वेळा त्याने गोड बोलून टाळली आणि घरी त्याचा पत्ताही लागू दिला नाही. ज्या गोष्टींवर तो तिथे भाव खाऊन जायचा, त्या इथे एक बाई एकटीच अंधारात बसून जुळवत होती.

दुसऱ्या दिवशी तो काम असल्यासारखा बसला आणि आठवतील तेवढे तिचे शेवट आठवत गेला. पाहुणा पळतो, पण आईला भेटायला. पाऊस चौकीत शिरतो आणि साहेब सगळ्यांना सुट्टी देतात. हवालदाराची सायकल चोरीला जाते, सापडते ती त्याच्याच दारात. खऱ्या मालिकेत, निदान पाहिलेल्या भागांत तरी, हवालदार कधीच घरी जात नाही. दर भागाच्या शेवटी तो आपला टेबलाशी बसलेलाच. बायकोच्या मालिकेत तो कितीतरी वेळा घरी गेला होता. त्या शेवटांना कथेकरी पोट धरधरून हसला होता, बंब्या हसला होता, अख्खी रात्रपाळी हसली होती. ती त्यातून काय म्हणतेय, ते ऐकलं मात्र कुणीच नव्हतं. त्याला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही; आवरायचं कुणासाठी?

संध्याकाळी नवा भाग लावून तो बसला. आता मधे जाहिराती नव्हत्या. त्या पूर्वी जिथे लागायच्या तिथे त्याने आपणच रिमोट दाबून चित्र थांबवलं. हवालदार फोन कानाला लावून तोंड उघडं टाकून थिजला. तेवढ्यात कथेकऱ्याचा फोन वाजला.

त्याने लेकीला सगळं सांगितलं, टाळलेल्या दिवसपाळीसकट. तुझ्या आईच्या प्रत्येक शेवटात कुणीतरी घरी जातं, म्हणाला, एकही शेवट सुटलेला नाही. 

"हे माझ्याही लक्षात नव्हतं आलं," लेक म्हणाली. मग तिने विचारलं, "बाबा, तिने सरळ म्हटलं असतं, तर तुम्ही घेतली असती दिवसपाळी?"

हो म्हणणं सोपं होतं. खोटं ठरवायला कुणी उरलं नव्हतं, आणि लेकीलाही तेच ऐकायचं असावं. 

"नाही गं," तो म्हणाला. "बघू म्हटलं असतं मी. आणि चपला घातल्या असत्या."

 लेक रागावली असावी, किंवा नसावीही. बसच्या आवाजात कळेना. तिचा थांबा जवळ आला असणार, हे त्याला ठाऊक होतं. एरवी त्याने गुडघ्याचा काहीतरी विनोद करून तिला मोकळं केलं असतं. आज त्याने केला नाही.

"म्हणून मी सरळच सांगतो," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही करमत. तू ये घरी. थोडे दिवस ये, पण ये."

"पाळ्या फार वाईट लागल्यात हो सध्या," लेक म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. "बघते, बाबा. नक्की बघते. थांबा आला, ठेवते हं."

फोन बंद झाला. तिला यायचं नाही असं मुळीच नव्हतं, हे कथेकऱ्याला पक्कं ठाऊक होतं; त्यालाही कधी घरी यायचं नव्हतं असं थोडंच होतं. हवालदार अजून तोंड उघडं टाकून थांबला होता. कथेकऱ्याने उरलेला भाग न बघताच टीव्ही बंद केला, आणि उद्या लेकीने विचारलंच तर शेवट काय सांगायचा, त्याची जुळवाजुळव करत बसला.