डोमाजीचं डोकं

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून डोमाजी सभेत उभा राहिला की "पोरी शिकवा!" म्हणून गर्जायचा. घरी मात्र त्याची लेक कौसल्या सातवी पास होऊन वर्षभर कापूस वेचत होती. राळेगावजवळच्या त्या खेड्यात याचं कुणाला नवल नव्हतं. सभेतलं सभेत, घरातलं घरात.

बासष्ट साली डोमाजीच्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. यवतमाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं आणि विचारलं, "पूर्ण भूल देऊ, की पाठीत सुई टोचून फक्त कंबरेखालची?"

गावच्या उकंडाला मागं पूर्ण भूल दिली होती; तो महिनाभर बायकोला मावशी म्हणत होता. इकडं सरपंचाची निवड तोंडावर आलेली.

"पाठीतच टोचा," डोमाजी म्हणाला. "डोक्याले हात नका लावू. गाव त्याच्यावरच चालून राह्यलं."

"तरी या वयात डोकं थोडं गोंधळू शकतं," डॉक्टर म्हणाले.

आत नेताना त्यानं कौसल्याचा हात घट्ट धरला. "वाचलो तं तुले यवतमाळच्या शाळेत टाकतो. बोर्डिंगात ठेवतो."

वाचला. घरी आल्यावर कौसल्यानं शाळेचं नाव काढलं, तर कपाळ चोळत म्हणाला, "कोणती शाळा, माय? त्या सुईनं डोकंच गेलं माह्यं."

कौसल्याला वाटलं, खरंच गेलं असेल तर? ती रडली, शाळेसाठी किती आणि बापासाठी किती, तिचं तिलाच कळेना. मग एकदा ओसरीवर, मागच्या निवडणुकीत कुणी कुणी दगा दिला, ते बाप बोटांवर मोजून सांगताना तिनं ऐकलं. तिचे डोळे कोरडे झाले.

सरपंच ठरवायला मंडळी चावडीवर जमली. "डोमाजीच!" असा गलका सुरू होता. कौसल्या उठली.

"ऑपरेशनपासून बाच्या ध्यानात काही राह्यत नाही. मले शाळेत टाकतो म्हणला, ते बी इसरला. त्याले गावाचं ओझं कायले देता? उकंडाकाकाले करा. त्याहिचं डोकं आता जाग्यावर हाय."

उकंडा धोतर सावरत उठूही लागला.

"आठवलं!" डोमाजी ओरडला. "यवतमाळ! शाळा! बोर्डिंग!"

"मोठ्यानं सांग, बा. मांगच्याहिले ऐकू नाही आलं."

डोमाजीनं सगळं पुन्हा सांगितलं, खास सभेतल्या आवाजात. बापाच्या भाषणाला कौसल्यानं त्या दिवशी पहिल्यांदा टाळी वाजवली.