अंगठी पावली, मग बूट?

बाबांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर एक बस ड्रायव्हर उभा होता आणि दोन धडधाकट भक्त त्याच्या बोटातली अंगठी ओढत होते. अंगठी ढिम्म हलेना. बाबा माइकवर म्हणाले, "दिली तेव्हा सैल होती. आता तिनं याला धरलंय. शक्ती ज्याला निवडते, त्याला सोडत नाही." लोकांनी हात जोडले. खरं तर बाबाही चकित झाले होते. त्यांच्या बाकीच्या शेकडो अंगठ्यांनी आजवर कुणाला धरलं नव्हतं.

ड्रायव्हरची बायको पुढच्या रांगेत नवऱ्याच्या पायांकडे बघत बसली होती. चपलांच्या दुकानात अठरा वर्षं पाय मोजून तिची नजर आधी तिथेच जायची. लग्नात हा माणूस आठ नंबरचा होता. तीन वर्षांपूर्वी नऊ झाला, आता दहा नंबरही चावत होता. ती उठली.

"बाबा, अंगठी तुम्ही दिलीत, बूट मी दिले. तेही घट्ट झालेत. ते कोणाला पावले?"

मंडपात हशा पिकला. बाबांनी घसा खाकरून सारवासारव केली. शक्ती डोक्यातून पायापर्यंत उतरते, म्हणाले. म्हणून तर याचं डोकं दुखतं, घाम फुटतो आणि आजूबाजूचा प्रपंच दिसेनासा होतो.

हे शेवटचं तिने नीट ऐकलं. महिन्याभरात बसचा आरसा दोनदा खांबाला घासला होता आणि नवरा म्हणत होता, खांब दिसलाच नाही. त्याच्या बसमध्ये पन्नास माणसं असायची. तिला भीती वाटली आणि बाबांचा भयंकर रागही आला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ड्युटीवर जाऊ दिलं नाही. जुन्या बुटांची पिशवी घेऊन ती त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी बूट ओळीने मांडले, मग त्याला नाकासमोर बघायला सांगून दोन्ही बाजूंना बोटं हलवली. त्याला एकही दिसलं नाही. रक्ताचा आणि मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं: मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे. कॅन्सर नाही, पण वाढीचं हार्मोन नको तितकं पाझरतंय, म्हणून हात, पाय, जबडा वाढतोय. गाठ डोळ्यांच्या नसा दाबतेय, म्हणून बाजूचं दिसत नाही. ऑपरेशन नाकातून करू.

"नाकातून?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाकही वाढलंय," बायको म्हणाली. "जागा आहे."

अंगठी सोनाराने कापून काढली, गाठ डॉक्टरांनी. ड्रायव्हरला दोन्हीकडचे खांब दिसू लागले. दहा नंबर चावायचा थांबला, पण वाढलेली हाडं काही आठवर परतली नाहीत.

महिन्याने बाबा तोंडाला रुमाल बांधून दुकानात आले. त्यांचीही अंगठी निघत नव्हती. तिने पाय मोजला: सात नंबर, बूटही सातच.

"ही शक्ती बहुतेक जेवणाची आहे," ती म्हणाली. "तरी डॉक्टरांना दाखवा. आणि भक्तांनाही सांगा, अंगठी घट्ट झाली तर हात जोडण्याआधी बोट मोजा."