पुराचा गाळ

संगणकानं शरदिनीआत्याला मारून टाकलं होतं, आणि मेलेल्या बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन दवाखाना करेना. एक डोळा कधीच गेलेला. दुसऱ्याला नुसता उजेड कळायचा, त्याचा उद्याचा नंबर हुकला की कायमचा अंधार. म्हणून सांगलीहून आलेला भाचा निमिष तिच्या जिवंतपणाच्या कागदासाठी खेटे घालत होता. कचेरी तरी कसली मेली! माणूस म्हणून दिसायचा नाही. खांबावर कॅमेरा, खाली भोंगा. आणि नेऊन ठेवली कुठं, तर गंगेपलीकडच्या वाळूत!

आत्याचा क्षेत्रसंन्यास. नवरा गेल्यापासून काशीची हद्द ओलांडायची नाही, असं व्रत. पलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म, असं ती हसून सांगायची, पण पाऊल टाकायची नाही.

"नावेतूनच तोंड दाखवू," निमिषनं गयावया केली.

"मधल्या धारेपर्यंतच हं, निमू."

भोसले घाटावरून नाव निघाली, धारेशी थांबली. भोंगा खरखरला, "पैर ज़मीन पर दिखने चाहिए. पाँच बजे बंद."

"साहेब, व्रत है उनका!"

"व्रत का कॉलम नहीं है."

पाच वाजतच आले होते. निमिषनं नावाड्याला खूण केली. नाव गर्रकन फिरली आणि पुरता गोल घेऊन पुन्हा पलीकडेच चालली.

"परतलो का रे?"

"हो. त्यांना जमीनच हवी ना? आपल्याच घाटावर उतर, नावाडी म्हणतो इथंही त्यांचा खांब आहे."

आत्या अनवाणी उतरली आणि थबकली. "अगंबाई, पायऱ्या कुठं गेल्या?"

"पुराचा गाळ बसलाय, आत्या. मग नावेनंच पुढच्या घाटाला जाऊन वर चढू."

पावसाळ्यानंतर घाट गाळात जातात, हे तिनंच त्याला सांगितलेलं. तिनं वाकून चिमूटभर वाळू कपाळाला लावली. "माझी काशी," म्हणाली. निमिषला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जीवित," भोंगा बोलला. खांबातून कागद सरकला. निमिषनं धावत जाऊन तो घेतला. वर फोटो होता: वाळूत उभी आत्या, आणि तिच्या मागं, एवढ्या मोठ्या पाण्यापल्याड, अख्खी काशी बोटभर. फाडावा तर उद्या दवाखाना हाच मागणार.

"फोटो बरा आलाय ना रे?" नावेत बसता बसता आत्यानं विचारलं. "डोळा उघडला की आधी तोच बघते."

"हो," म्हणत निमिषनं कागदाची घडी घातली.