बराकीतली बाळंतीण

त्या वैशाखात ठाण्यात पटकीने तीन माणसं दगावली आणि गावात एकच बोलणं सुरू झालं: ही साथ कोलशेतच्या बराकीतून आली. लढाईच्या काळात खाडीकाठी बांधलेल्या त्या बराकीत आता फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. नगरपालिकेच्या डॉक्टरांनी तिथे घरटी सगळ्यांना लस टोचली होती. बराकीत एकही रोगी नव्हता. तिन्ही मयत गावातल्याच एका विहिरीभोवतालचे. पण हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. वेशीवरच्या जकात नाक्याशी लोकांनी रस्त्यात बांबू आडवे बांधले आणि आळीपाळीने पहारा सुरू केला.

उत्तराताई प्रधान नगरपालिकेच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षा होत्या. दुपारी त्या कचेरीत बसलेल्या असताना कोलशेतहून आडवाटेने सायकलवर निरोप आला. निरोप हेमाचा होता. ही नगरपालिकेची नर्स बराकीत बायकांना तपासायला जायची. जमना नावाची बाई काल संध्याकाळपासून अडली होती. मूल आडवं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर नेल्याशिवाय सुटका नव्हती.

प्रसूतिगृह गावात आणि रस्ता बंद.

उत्तराताई टांगा घेऊन नाक्यावर गेल्या. बांबूंपाशी वीसेक माणसं होती आणि त्यांच्या पुढे श्रीपाद, त्यांचा सख्खा धाकटा दीर. गावातला नावाजलेला वकील. उत्तराताईंना पाहून तो पुढे आला.

"वहिनी, तुम्ही घरी जा. लोक तापलेत."

"भावजी, एक बाई अडलीय. टांगा जाऊन येऊ दे."

"जाऊ दे म्हणजे? तिला गावात आणणार?"

"प्रसूतिगृह गावातच आहे. आणि बराकीत सगळ्यांना लस टोचलीय."

"ते गावातल्या लोकांसाठी आहे. बराकी आपल्या हद्दीबाहेर आहेत. त्यांची सोय सरकारने बघावी, कल्याणच्या छावणीत न्यावं. गेल्या आठवड्यात माझ्या अशिलाचा तरणा मुलगा गेला, वहिनी. त्याच्या आईला जाऊन तुमचं लसीचं सांगा."

मागून कुणीतरी ओरडलं, "एक आणली की सगळ्या येतील!"

उत्तराताईंनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी एका माणसाने घोड्याच्या लगामाला हात घातला, तेव्हा घाबरून टांगेवाल्याने टांगा मागे वळवला. फौजदारांकडे निरोप पाठवला तर ते भिवंडीला गेलेले. बाई तिकडे तडफडत होती आणि इकडे ऊन उतरायला लागलं होतं.

मग त्यांना बंदर आठवलं. बंदरावर दामाजी कोळी जाळं सुकवत होता आणि त्याची बायको मालू टोपल्या धूत होती. मालूची दोन्ही बाळंतपणं प्रसूतिगृहात हेमाच्याच हातून झाली होती आणि तिथे येणाऱ्या उत्तराताईंना ती ओळखत होती. त्यांनी घडलं ते सांगितलं. दामाजी पाण्याकडे बघत राहिला.

"पानी उतराला लागलंय, बाय. येताना होरी रुतली तं मंग?"

"रुतली तर काय होईल?"

"मंग परत भरती येईसतवर तिथंच."

मालूने हातातली टोपली खाली टाकली. "इचारत काय बसलाव? चला. मी पन येतंय." ती होडीत चढलीसुद्धा.

उत्तराताई मागे थांबल्या. डॉक्टरांना तयार राहायला सांगून आल्या आणि परत येऊन धक्क्यावर उभ्या राहिल्या. पाणी डोळ्यांदेखत ओसरत होतं. काठचा चिखल उघडा पडत चालला होता. होडी वळणावर दिसली तेव्हा धक्क्यापर्यंत पाणी उरलंच नव्हतं. दामाजी आणि जमनाचा नवरा टेकचंद कमरेइतक्या चिखलात उतरले आणि होडी ओढू लागले. मालू आणि हेमा जमनाला धरून बसल्या होत्या. जमना आता ओरडतही नव्हती.

तिला शिडाच्या कापडात घालून उचलून नेलं. प्रसूतिगृहाचं दार लागलं आणि थोड्याच वेळात फाटकाशी माणसं जमायला लागली. बंदरावर कुणीतरी पाहिलं होतं.

"बाहेर काढा तिला!"

शिपायाने फाटकाला कडी घालायला हात नेला. उत्तराताई म्हणाल्या, "नको. उघडंच राहू दे. आत दुसऱ्या बाळंतिणींचे नातेवाईक यायचेत." आणि त्या उघड्या फाटकात जाऊन उभ्या राहिल्या.

श्रीपाद गर्दीतून वाट काढत आला. "वहिनी, हे कोणत्या अधिकारात केलंत तुम्ही?"

"समितीची अध्यक्षा म्हणून."

"हद्दीबाहेरच्या माणसाला इथे घ्यायचा ठराव आहे?"

"घ्यायचा नाही असा ठराव आहे का? दाखवा. तुम्ही वकील आहात, भावजी. अडलेल्या बाईला दवाखान्यातून ओढून काढायचं कोणत्या कलमात बसतं, तेही सांगा."

श्रीपाद काही बोलायच्या आत एक दगड आला आणि खिडकीची काच फुटली. आत कुणीतरी किंचाळलं. गर्दी पुढे सरकली. उत्तराताईंना ढकललं गेलं, त्यांचा खांदा फाटकाच्या लोखंडावर आपटला. पण त्या हलल्या नाहीत.

"आत डॉक्टरांच्या हातात शस्त्र आहे," त्या ओरडल्या. आपला आवाज एवढा चढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "पुन्हा दगड आला आणि त्यांचा हात हलला, तर बाई मरेल. ज्याला मारायचंय त्याने पुढे येऊन नाव सांगावं. मी फौजदारांना सांगेन, कोर्टातही सांगेन. माझ्या घरातला असला तरी सांगेन."

पायरीवर बसलेली, चिखलाने माखलेली मालू उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. गर्दीतला एकजण तिच्याकडे बोट करून म्हणाला, "यांच्याच होडीतून आणली! उद्यापासून यांची मासळी कोण घेतं तेच बघतो."

"नको घेव," मालू म्हणाली. "आमी खाव."

श्रीपाद वळून गर्दीकडे तोंड करून म्हणाला, "दगड कुणी मारायचा नाही. आपलं भांडण कायद्याचं आहे." लोक कुरकुरले, पण पुढे आले नाहीत. मागेही गेले नाहीत. तसेच उभे राहिले.

दार उघडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. हेमा बाहेर आली.

"बाई वाचली," ती उत्तराताईंना म्हणाली. मग खालच्या आवाजात, "मुलगा होता. फार उशीर झाला."

हे पुढच्या रांगेतल्या लोकांनी ऐकलं. टेकचंद कापडात गुंडाळलेलं मूल घेऊन बाहेर आला. तो सिंधमध्ये लारकान्याला शाळामास्तर होता. कुणाकडे जावं हे त्याला कळेना, म्हणून तो समोर दिसलेल्या कोटातल्या माणसाकडे, श्रीपादकडेच गेला आणि म्हणाला, "साहब, इसको कहाँ ले जाएँ?"

श्रीपाद एक पाऊल मागे सरला.

"गावच्या स्मशानात," उत्तराताई म्हणाल्या. "कुणाची हरकत आहे?"

गर्दीतून वाट झाली. दामाजी टेकचंदबरोबर गेला. काही माणसं घरी परतली. श्रीपादही निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरचे बांबू तसेच होते. उत्तराताई नगरपालिकेचे कामगार घेऊन गेल्या आणि त्यांनी ते सोडवले. पहाऱ्यावरच्यांनी शिव्या दिल्या, पण हात लावला नाही. श्रीपाद तिकडे फिरकला नव्हता. मालूची मासळी मात्र खरंच कुणी घेईना. ती टोपली घेऊन खाडीपलीकडे कळव्यापर्यंत चालत जायची.

महिनाअखेरीस सर्वसाधारण सभा झाली. दवाखाना, प्रसूतिगृह आणि शाळा बराकीतल्या लोकांनाही गावकऱ्यांसारखीच खुली, असा ठराव उत्तराताईंनी मांडला. सभा इतकी पेटली की नगराध्यक्षांना दोनदा ती थांबवावी लागली. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. बाहेर पडताना एक सभासद त्यांना म्हणाला, "पुढच्या निवडणुकीत तुम्हाला कोण मत देतं बघा." त्यांनाही तेच वाटत होतं.

त्याच आठवड्यात जमनाला घरी सोडलं. उत्तराताई तिला आणि टेकचंदला पोचवायला टांग्यातून निघाल्या. नाक्याजवळ आल्यावर जमनाने विचारलं, "दीदी, रस्ता तो इतना अच्छा है. मुझे नाव में क्यों लाए थे?"

टेकचंदने मान खाली घातली. त्याने तिला सांगितलं नव्हतं. उत्तराताईंच्या मनात आलं, सांगावं की रस्ता नादुरुस्त होता. पण त्यांना ते जमलं नाही.

"लोगों ने बंद किया था," त्या म्हणाल्या. "हमारे लोगों ने."

नाक्याच्या झाडाखाली पहाऱ्यातलीच चार माणसं विड्या ओढत बसली होती. जमनाने टांग्याचा पडदा हाताने बाजूला केला. टांगा पुढे जाईपर्यंत ती त्यांच्याकडे एकेक करून बघत राहिली. दोघांनी तोंडं फिरवली. एकाने तिच्याकडे रोखून पाहिलं. पण टांगा अडवायला उठलं कुणी नाही.