बस न म्हणता बसली

पैज काढली ती भानुदासनेच. त्याचे उद्योगच तसले. सत्त्याण्णव साल, योकोहामातली एक बिल्डिंग, तीत तीन मराठी घरं. प्रकाशची मुलगी ओजस्वी दोन वर्षांसाठी युनिव्हर्सिटीतर्फे झुलू भाषा शिकायला दक्षिण आफ्रिकेला निघाली होती आणि तिथे एका झुलू कुटुंबात राहणार होती. वरच्या मजल्यावरचा चंद्रहास म्हणाला, पोरगी सगळी रीतभात विसरून येणार. भानुदास म्हणाला, उलट तिकडचीही शिकून येईल. हरेल त्याने फेटा बांधून, सगळे स्टेशनला निघतात नेमक्या त्या वेळी, अख्ख्या बिल्डिंगचा कचरा खाली न्यायचा. दोघांनी टाळी दिली. प्रकाश काही हसला नाही. एक वर्ष बघू, त्याने लेकीला बजावलं, वागणं बिघडलं तर पुढचं वर्ष रद्द.

वर्षाने ती सुट्टीत परतली. प्रकाशकडे चहाला सगळे जमले. ओजस्वी आतून आली आणि कुणी बस म्हणायच्या आत दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर टेकली. ना नमस्कार, ना कसे आहात. चंद्रहासने दोन-चार प्रश्न विचारले, तर उत्तरं दिली खाली चटईकडे बघत.

चंद्रहासने मांडीवर थाप मारली. "बघा. बस न म्हणता बसली, मोठ्यांच्या तोंडाकडे बघायलाही तयार नाही. त्या लोकांत ठेवल्यावर दुसरं काय होणार? भान्या, फेटा शोध."

प्रकाशचा चेहरा पडला. पुढचं वर्ष राहू दे आता, तो हळूच म्हणाला. ओजस्वीचे कान लाल झाले, पण मान वर नाही.

एरवी भानुदासने इथे काहीतरी आचरटपणा केला असता. पण 'त्या लोकांत' ऐकलं आणि त्याचं डोकंच फिरलं. हाच चंद्रहास जपानात नवा आला तेव्हा घरांच्या एजंटांनी 'परदेशी नको' म्हणून दारं लावली होती, एका घरमालकाला फोडणीचा वास नको होता, आणि हा भानुदासच्या स्वयंपाकघरात बसून रडला होता. भानुदासने राग गिळला आणि आधी पोरीला विचारलं, तिकडे घरात शिरल्यावर काय करतात.

"मोठी माणसं बसलेली असली की उभं राहायचं नाही, काका. आपलं डोकं त्यांच्या वर जातं ना. पटकन खाली बसायचं, नजर खाली ठेवायची, ते बोलेपर्यंत गप्प." ती जरा थांबली. "पहिल्या दिवशी मी आपली दारात उभी, बस म्हणतील म्हणून. ज्यांच्या घरी राहिले त्या माखुमालो बाईंची पोरं हसून हसून लोळली. मग माखुमालोंनी स्वतः शिकवलं. आता सवयच झालीय."



"ऐकलंस?" भानुदास चंद्रहासला म्हणाला. "परक्याची पोर वर्षभर घरात ठेवली, जेवू घातली, तुझ्यासारख्याचा मान ठेवायला शिकवली. तुला या गावात कुणी खोली देत नव्हतं रे. कुठल्या तोंडाने त्यांना 'ते लोक' म्हणतोस?"

"आणि अशी का बसलीस, हे तिला आपल्यापैकी एकानंही विचारलं नाही," ओजस्वीची आई सिंधू म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती.

प्रकाश लेकीकडे वळून म्हणाला, "तिकडे कॉलेज कधी सुरू होतं गं?"

कचऱ्याच्या दिवशी भानुदासने चंद्रहासला फेटा बांधला आणि मुद्दाम आवळून बांधला. आठ पिशव्या खाली गेल्या. कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या शेजारच्या नाकामुरा आजींनी एकेक उघडून बघितली, ओल्या कचऱ्यात पत्र्याचे डबे निघाले तशी बोट दाखवून सगळं पुन्हा वेगळं करायला लावलं. चंद्रहास फुटपाथवर उकिडवा, फेटा डोळ्यांवर, आणि स्टेशनला निघालेली गल्ली त्याला वळसा घालून जातेय. प्रकाश ऑफिसची बॅग घेऊन उतरला. हातातली आणखी एक पिशवी त्या ढिगावर ठेवली आणि निघून गेला.