खाली वळलेली पानं

"पुन्हा पाणी ओतलंस ना?" थोरली जाऊ काचघरात शिरताच कडाडली. "सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले! संध्याकाळी गिऱ्हाईक येईल, त्याला ही असली रोपं दाखवू?"

ट्रेमधल्या टोमॅटोच्या रोपांची पानं छत्री मिटावी तशी खाली वळली होती.

"कालपासून झारीला हात लावला नाही, ताई," धाकटी म्हणाली. तिनं कपाळ दाबून धरलं होतं. "सकाळपासून डोकं ठणकतंय."

"काम निघालं की तुझं डोकं बरं हजर होतं!"

थोरलीचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. झाडाला ओरडता येत नाही, पळताही येत नाही. पण त्याच्या अंगात काही द्रव्यं निरोप्यांचं काम करतात. त्यांना संप्रेरकं म्हणतात. टोमॅटोची मुळं पाण्यात बुडाली, की त्यांच्याकडून वर निरोप जातो आणि पानात इथिलीन नावाचा वायू तयार होतो. मग देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि पान खाली वळतं.

थोरलीनं मातीत बोट खुपसलं. माती नुसती ओलसर होती.

"मग तहानली असतील."

"तहानलेलं पान चिंधीसारखं लोंबतं. हे बघा, कसं टणक आहे." धाकटीनं देठ चिमटीत धरला. "माहेरी आमच्या केळी पिकवायच्या खोल्या होत्या. तिथं इथिलीन वायू सोडतात. बाबांनी हौसेनं दाराशी टोमॅटो लावला होता, तो दुसऱ्या दिवशी अस्साच झाला."

"इथं कुठं आलीत केळी?"

धाकटी ट्रे बघत पुढे सरकली. दाराजवळची पानं जेमतेम झुकलेली होती. मधली जास्त. गॅसच्या हीटरजवळची तर खोडाला चिकटली होती. ती वाकली. निळी असायला हवी ती ज्योत पिवळी होऊन फडफडत होती. हीटरमागे हवा आत यायचं भोक होतं, त्यात पोतं कोंबलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मामंजींनी, काल रात्री. म्हणाले, गार वारा शिरतो, गॅस फुकट जळतो."

"ताई, हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते. त्यातून इथिलीन निघतं. आणि त्याच्याबरोबर दुसराही एक विषारी वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस..." धाकटीचा हात पुन्हा कपाळाकडे गेला. "माझं डोकं उगीच नाही ठणकत."

दोघींनी एकाच वेळी मागच्या प्लास्टिकच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे सासरे सकाळपासून कलमं बांधत बसले होते.

"मामंजी!"



धाकटीनं गॅस बंद केला. थोरलीनं पडदा ओरबाडून काढला. मामंजी स्टुलावर होते, पाठ भिंतीला, हनुवटी छातीवर. कलमाचा चाकू मांडीवर पडला होता.

"मामंजी, उठा! अहो, उठा ना!"

ते काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. दोघींनी काखेत हात घालून ओढलं. धाकटीचा तोल गेला, तिनं भिंत धरली.

"तू आधी बाहेर हो!"

"एकटीला झेपायचे नाहीत!"

थोरलीनं इकडेतिकडे पाहिलं. रोपं वाहायची चाकांची गाडी समोरच होती, गिऱ्हाइकाच्या ट्रेंनी गच्च भरलेली. तिनं गाडी एका बाजूला कलंडवली. ट्रे धडाधड खाली पडले. माती आणि रोपं पायाखाली तुडवत दोघींनी मामंजींना गाडीवर लोटलं आणि गाडी ढकलत दाराबाहेर पळत सुटल्या.

बाहेरच्या गारठ्यानं श्वासच अडला. धाकटीनं रुग्णवाहिकेला फोन लावला. थोरली मामंजींचे गाल चोळत राहिली. "बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

बऱ्याच वेळानं त्यांचे डोळे किलकिले झाले. नजर उघड्या दाराकडे गेली.

"दार... लावा गं. रोपं गारठतील."

"गारठू देत."

"गिऱ्हाईक..."

"त्याला मी बघते. तुम्ही श्वास घ्या."

थोरलीनं दार मिटू नये म्हणून त्याला वीट लावली. मग अंगावरची शाल सोडली, अर्धी मामंजींवर टाकली आणि उरलेल्या अर्धीत भिंतीला टेकलेल्या धाकटीला ओढून घेतलं.

"तूही घे," ती म्हणाली. "लांब लांब श्वास घे. डोळे मिटू नकोस हं, माझ्याकडे बघ."